हिरव्या खुणा आणि तागडीतला पासंग

आजचा भाग म्हैसूरहून. मंडी मोहल्ल्यात माझ्या बहिणीच्या घरी, पहिल्या मजल्यावरच्या खोलीत बसून बोलतोय, त्यामुळे मूळ व्हिडिओत मधूनमधून टेम्पोचे हॉर्न ऐकू येतील. या पुस्तकात तेवढी एक शांतता तुम्हाला जास्त मिळेल.

लष्कर मोहल्ला, देवराज मोहल्ला, नझरबाद मोहल्ला ही या शहरातली जुनी नावं. आपला मोहल्ला मंडीचा. मंडी म्हटलं की माल, गोणी आणि तागडी. ही तागडी लक्षात ठेवा, आजचा सगळा विषय तिच्यावरच तोलायचा आहे.

विषय माझ्या भाचीने दिला. ती इथल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, कॉलेजात इंग्रजी असं तिचं चाललेलं असतं. तिच्या प्रकल्पाचा विषय असा: लँग्वेज मॉडेलकडून सॉफ्टवेअरच्या चाचण्या लिहून घ्यायच्या आणि त्या किती चांगल्या आहेत ते पाहायचं. मी आलो त्या रात्री तिने लॅपटॉप समोर ठेवला आणि म्हणाली, "मामा, बघ. मॉडेलनं चाळीस चाचण्या लिहिल्या. सगळ्या हिरव्या. कव्हरेज शंभर टक्के. अहवाल उद्या देऊन टाकते."

मी विचारलं, "या चाचण्यांनी काय सिद्ध केलं?"

"प्रोग्राम बरोबर आहे, हे."

"आणि प्रोग्राम चुकीचा असता, तर या लाल झाल्या असत्या का?"

ती गप्प बसली. त्या गप्प बसण्यातून पुढचे चार दिवस आमची जी चर्चा झाली, ती आज तुमच्यासमोर मांडतो. तुम्ही संगणकशास्त्राचे विद्यार्थी असाल तर प्रकल्पाला उपयोग होईल. नसाल तरी काही बिघडत नाही, कारण प्रश्न साधा आहे: तपासणाऱ्याला कोण तपासतं?

चाचणी म्हणजे नेमकं काय

प्रोग्रामच्या चाचणीत तीन गोष्टी असतात. आत काय टाकलं, बाहेर काय यायला हवं, आणि प्रत्यक्षात काय आलं. दुसरी आणि तिसरी गोष्ट जुळली की हिरवी खूण, नाही जुळली की लाल.

एक उदाहरण घेऊ. दुकानदाराने सांगितलं: ५०० रुपये किंवा त्याहून जास्त खरेदी असेल तर १० टक्के सूट. प्रोग्राम लिहिणाऱ्याने घाईत "५०० पेक्षा जास्त असेल तर" असं लिहिलं. "किंवा तेवढेच" हा भाग राहून गेला. म्हणजे बरोबर ५०० रुपयांची खरेदी करणाऱ्या गिऱ्हाइकाला ४५० ऐवजी ५०० रुपये मोजावे लागणार.

आता हा प्रोग्राम तुम्ही मॉडेलला दिलात आणि म्हणालात, याच्या चाचण्या लिही. मॉडेल काय करतं? ते प्रोग्राम वाचतं. ४०० ला ४०० आले पाहिजेत, ६०० ला ५४० आले पाहिजेत, असं लिहितं. हुशार असेल तर सीमेवरचा आकडाही घेतं: ५०० ला... प्रोग्रामप्रमाणे ५०० आले पाहिजेत! तिन्ही चाचण्या हिरव्या. चूक सापडली तर नाहीच, उलट तिला "अपेक्षित उत्तर" म्हणून मानाचं पान मिळालं. उद्या कोणी ती चूक दुरुस्त केली, तर लाल खूण त्या दुरुस्त करणाऱ्यालाच दिसेल.

तागडीची गोष्ट इथे येते. तागडीची दोन्ही पारडी रिकामी असताना एक बाजू झुकत असेल तर त्या फरकाला पासंग म्हणतात. पासंग आहे की नाही हे कसं ओळखायचं? सरकारी शिक्का मारलेलं वजन आणून. त्याच तागडीवर आधी एक किलो बटाटे तोलायचे आणि मग तेच बटाटे पुन्हा तिच्यावर ठेवून "बघा, बरोबर एक किलो भरले" म्हणायचं, याला तपासणी म्हणत नाहीत. प्रोग्राम वाचून लिहिलेली चाचणी म्हणजे हे बटाटे.

शिक्क्याचं वजन, म्हणजे बरोबर उत्तर काय हे प्रोग्रामच्या बाहेरून सांगणारी गोष्ट, तिला या शास्त्रात "ओरॅकल" म्हणतात. ग्रीक कथांमध्ये देवाच्या वतीने भविष्य सांगणारी पुजारीण असायची, तिच्यावरून हे नाव आलं. एलेन वेयुकर या संशोधिकेने १९८२ मध्येच दाखवून दिलं होतं की कितीतरी प्रोग्राम असे असतात, ज्यांचं बरोबर उत्तर आधी कोणालाच ठाऊक नसतं किंवा ते काढणं फार अवघड असतं. लँग्वेज मॉडेल आल्याने हा प्रश्न सुटला नाही. फक्त चाचण्या भराभर लिहून मिळू लागल्या, आणि त्यामुळे प्रश्न झाकला गेला.

माझी स्वतःची एक गोष्ट

भाचीला उपदेश करण्याआधी मला माझी एक चूक तिला सांगावी लागली, ती तुम्हालाही सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका पतसंस्थेसाठी कर्जव्याजाच्या प्रोग्रामच्या चाचण्या लिहिल्या होत्या. अपेक्षित व्याजाचे आकडे हाताने काढायचा कंटाळा आला. मी प्रोग्राम चालवला, आलेले आकडे उचलले आणि अपेक्षित उत्तर म्हणून चाचणीत चिकटवले. सगळं हिरवं. साहेब खूश.

प्रोग्राम कर्ज दिल्याचा दिवस आणि फेडल्याचा दिवस, दोन्ही मोजत होता. संस्थेच्या नियमात एकच दिवस धरायचा होता. दहा हजार रुपयांवर ९ टक्क्यांनी एका दिवसाचं व्याज होतं २ रुपये ४७ पैसे. रक्कम क्षुल्लक वाटते, पण ती प्रत्येक कर्जदाराकडून जास्त घेतली जात होती. चूक सापडली ती संस्थेतल्या एका वयस्कर कारकुनाला. त्यांनी पेन्सिल घेऊन जुन्या पद्धतीने एक खातं मोजलं. त्यांची पेन्सिल हे शिक्क्याचं वजन होतं. माझ्या चाचण्या म्हणजे बटाटे होते. आणि लक्षात घ्या, तेव्हा कुठलंही मॉडेल नव्हतं. मॉडेल आज जे करतं ते मी हाताने केलं होतं.

अशा गोष्टी नेहमी दोन रुपयांवर थांबत नाहीत. ब्रिटनच्या पोस्ट खात्यात १९९९ पासून होरायझन नावाची हिशेबाची संगणकप्रणाली आली. तिच्या चुकांमुळे गल्ल्यात पैसे कमी असल्याचं दिसायचं. संगणक बरोबर आणि माणूस खोटा, असं धरून चालल्यामुळे २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक पोस्टचालकांना चोरी, अफरातफर अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले, काहींची घरं गेली. २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष असल्याचं मान्य केलं, आणि २०२४ मध्ये तिथल्या संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. पडद्यावरची खूण हिरवी आहे म्हणून प्रश्न विचारणं थांबवलं, की त्याची किंमत कोणीतरी तिसराच मोजतो.

शंभर टक्के कशाचे?

आता त्या शंभर टक्के कव्हरेजकडे वळू. कव्हरेज म्हणजे चाचण्या चालवताना प्रोग्रामच्या किती ओळींवरून गाडी गेली याचं मोजमाप. आपल्या सुटीच्या उदाहरणात ४०० आणि ६०० अशा दोनच चाचण्या घेतल्या, तरी सूट असलेली ओळ आणि सूट नसलेली ओळ दोन्ही चालतात. कव्हरेज शंभर टक्के. आणि ५०० वरची चूक जिथल्या तिथे.

घरात प्रत्येक खोलीत पाय ठेवून आलो म्हणजे घर झाडलं असं होत नाही. २०१४ मध्ये लॉरा इनोझेमत्सेवा आणि रीड होम्स या दोन संशोधकांनी मोठ्या जावा प्रकल्पांवर हे तपासलं. चाचण्यांची संख्या सारखी ठेवून पाहिलं, तेव्हा कव्हरेज आणि चुका पकडण्याची ताकद यांचा संबंध फारसा घट्ट निघाला नाही. कव्हरेज निरुपयोगी नाही. कुठल्या खोलीत पायच पडला नाही, हे ते बरोबर सांगतं. पण झाडलं किती, हे त्याला सांगता येत नाही.

मुद्दाम चूक करा

मग झाडलं किती हे कसं मोजायचं? उत्तर मजेदार आहे, आणि ते एका विद्यार्थ्याने दिलेलं आहे. १९७१ मध्ये रिचर्ड लिप्टन यांनी विद्यार्थिदशेत लिहिलेल्या एका निबंधात ही कल्पना मांडली. १९७८ मध्ये डीमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांच्या लेखातून ती सगळीकडे पोहोचली. नाव आहे म्युटेशन टेस्टिंग.

कल्पना अशी. चांगल्या प्रोग्रामच्या प्रती काढायच्या आणि प्रत्येक प्रतीत मुद्दाम एक छोटी चूक घालायची. अशा प्रतीला म्युटंट म्हणायचं. मग सगळ्या चाचण्या त्या प्रतीवर चालवायच्या. एक तरी चाचणी लाल झाली तर म्युटंट मेला. सगळ्या हिरव्याच राहिल्या तर म्युटंट वाचला, म्हणजे तुमच्या पहारेकऱ्याला चोर दिसला नाही.

आपण करून पाहू. यावेळी प्रोग्राम बरोबर आहे: "५०० किंवा जास्त असेल तर रकमेचा ०.९ पट." चाचण्या दोन: ४०० ला ४००, ६०० ला ५४०. म्युटंट पाच घेऊ.

पहिला: "किंवा जास्त" ऐवजी "पेक्षा जास्त". ४०० ला ४००, ६०० ला ५४०. वाचला.
दुसरा: "पेक्षा कमी". ४०० ला ३६० येतात. मेला.
तिसरा: "बरोबर ५०० असेल तरच". ६०० ला ६०० येतात. मेला.
चौथा: ०.९ ऐवजी १.१. ६०० ला ६६० येतात. मेला.
पाचवा: ५०० ऐवजी ५०१. ४०० आणि ६०० ला काहीच फरक नाही. वाचला.

पाचांपैकी तीन मेले. गुण ६० टक्के. कव्हरेज मात्र शंभर. आता तिसरी चाचणी घाला: ५०० ला ४५०. पहिल्या आणि पाचव्या म्युटंटमध्ये ५०० येतात, दोघेही मेले. गुण शंभर टक्के. कव्हरेज होतं तिथेच. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे भाचीच्या प्रकल्पाचा गाभा, असं मी तिला म्हटलं.

एक गुंता इथेच सांगून ठेवतो. "५०० किंवा जास्त" च्या जागी "४९९ पेक्षा जास्त" असा म्युटंट केला तर? रक्कम नेहमी पूर्ण रुपयांत असेल, तर दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच. तो म्युटंट कोणत्याही चाचणीने मरणार नाही, कारण तो चूकच नाही. अशाला समतुल्य म्युटंट म्हणतात. पण पैसे चालत असतील तर ४९९ रुपये ५० पैशांना तो लगेच पकडला जातो. म्हणजे म्युटंट खोटा की खरा, हे ठरवायला दुकानदाराला विचारावं लागतं: पैसे घेता का? यंत्राच्या बाहेर जावंच लागतं. पुन्हा शिक्क्याचं वजन.

हे सगळं हाताने करायची गरज नाही. जावासाठी पिट, जावास्क्रिप्टसाठी स्ट्रायकर, पायथॉनसाठी म्यूटमट अशी मोफत साधनं आहेत.

मोठ्या कंपन्यांत काय घडतं

भाचीने विचारलं, "पण मामा, मोठ्या कंपन्या तर हेच करतायत ना?" करतायत, आणि कसं करतायत ते बघण्यासारखं आहे. मेटाच्या अभियंत्यांनी २०२४ मध्ये टेस्टजेन-एलएलएम नावाच्या साधनाचा अनुभव प्रसिद्ध केला. इन्स्टाग्रामच्या रील्स आणि स्टोरीज या भागांवर त्यांनी ते वापरून पाहिलं. मॉडेलने लिहिलेल्या चाचण्यांपैकी ७५ टक्के नीट बिल्ड झाल्या. ५७ टक्के भरवशाने हिरव्या आल्या. आणि कव्हरेजमध्ये भर घातली फक्त २५ टक्क्यांनी. म्हणजे शंभर चाचण्या चाळणीत घातल्या तर कामाच्या पंचवीस. उरलेल्यांत काही अस्तित्वातच नसलेली फंक्शनं बोलावतात, काही कधी हिरव्या तर कधी लाल होतात, आणि काही जुनंच काम पुन्हा करतात.

या चाळणीत एक बारीक गोष्ट आहे. जी चाचणी आजच्या प्रोग्रामवर हिरवी येते तीच ठेवली जाते. म्हणजे आजचा प्रोग्राम बरोबर आहे असं धरून, उद्या कोणी तो बिघडवला तर कळावं, एवढाच हेतू. तो हेतू प्रामाणिक आहे आणि त्यांनी तो उघडपणे लिहिला आहे. भाचीची चूक मॉडेल वापरण्यात नव्हती. उद्याचा पहारेकरी नेमून तिने "आजच्या घरात चोर नाही" असं प्रमाणपत्र लिहिलं, ही चूक होती.

दुसरं उदाहरण उलट दिशेचं. मॉडेलं प्रोग्राम किती चांगला लिहितात हे मोजायला २०२१ मध्ये ह्यूमनइव्हल नावाची १६४ प्रश्नांची परीक्षा आली. जो तो तिचे गुण सांगू लागला. २०२३ मध्ये इव्हलप्लस या प्रकल्पाच्या संशोधकांनी त्याच प्रश्नांच्या चाचण्या ८० पटींनी वाढवल्या. सगळ्या मॉडेलांचे गुण घसरले. काहींचे क्रमांक बदलले. आणि परीक्षेच्या काही नमुना-उत्तरांतच चुका निघाल्या! पेपर सोपा तपासला तर सगळेच पहिल्या वर्गात पास होतात.

मॉडेललाच परीक्षेला बसवा

इथवर मॉडेल परीक्षक होतं. आता त्यालाच बाकावर बसवू. लँग्वेज मॉडेल हेही शेवटी सॉफ्टवेअरच. मग त्याची चाचणी सॉफ्टवेअरसारखी का करू नये? २०२० मध्ये मार्को तुलिओ रिबेरो आणि सहकाऱ्यांनी चेकलिस्ट नावाची पद्धत मांडली. संगणकीय भाषाशास्त्राच्या एसीएल या मोठ्या परिषदेत त्या वर्षी तिला सर्वोत्तम शोधनिबंधाचा मान मिळाला. तिच्यात चाचण्या तीन प्रकारच्या असतात. मी त्या मराठीत करून दाखवतो. समजा, वाक्यातली भावना चांगली की वाईट हे ओळखणारं मॉडेल आहे.

पहिला प्रकार, किमान क्षमता. "जेवण चांगलं नव्हतं" हे वाईट ठरलं पाहिजे. "जेवण वाईट नव्हतं" हे वाईट ठरता कामा नये. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी बसतो. "सिनेमा उत्तम आहे असं मी काही म्हणणार नाही" यात "उत्तम" वाचून जे मॉडेल खूश झालं, ते शेवटच्या शब्दापर्यंत पोहोचलंच नाही.

दुसरा प्रकार, न बदलणं. "कोल्हापूरची बस वेळेवर आली" याऐवजी "म्हैसूरची बस वेळेवर आली" म्हटलं तर भावना बदलू नये. "चांगले" ऐवजी "चांगलं" लिहिलं तरी बदलू नये.

तिसरा प्रकार, ठरलेल्या दिशेने बदलणं. कोणत्याही वाक्याला "पुन्हा कधी येणार नाही" हे शेपूट जोडलं, तर मॉडेलचं मत आधीपेक्षा चांगलं होता कामा नये.

इथे एक गंमत पाहिलीत का? दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात नेमकं बरोबर उत्तर किती, हे आपल्याला माहीत असण्याची गरजच नाही. दोन उत्तरांमधलं नातं माहीत असलं की पुरे. शिक्क्याचं वजन हाताशी नसेल, तर तोच माल पारडी बदलून तोला. दोन वेगळे आकडे आले तर पासंग आहेच.

या कामासाठी मराठीत पाया तयार आहे. पुण्यात एल-थ्री-क्यूब नावाचा गट रविराज जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली काम करतो, आणि त्याच्या शोधनिबंधांवर पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजीतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांची नावं आहेत. २०२१ मध्ये त्यांनी महासेंट हा संच काढला: सुमारे १६,००० मराठी ट्वीट, प्रत्येकावर माणसांनी वाचून केलेली चांगलं, वाईट की मध्यम अशी खूण. पुढे २०२२ मध्ये महाकॉर्पस हा मोठा मजकूरसंग्रह आणि महाबर्ट हे मॉडेलही आलं. हे सगळं खुलं आहे. पदवीच्या विद्यार्थ्याने संशोधन करायचं नसतं, ते पुढे पीएचडीला, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा ही यादी पाहावी.

आणि म्हैसूरकरांना तर दूर जायचीही गरज नाही. १९६९ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय भारतीय भाषा संस्थान ही संस्था याच शहरात, मानसगंगोत्रीत आहे. तिच्या भारतीय भाषांच्या संगणकीय साधनांच्या प्रकल्पात मराठी मजकुराचा संग्रहही आहे.

आपल्या भाषेने पकडलेल्या चुका

तिसऱ्या दिवशी भाची म्हणाली, "मामा, मला असं काही सांग जे मॉडेलला सुचत नाही पण मला सुचेल." मी म्हटलं, तुझी मराठीच घे.

एक. गिऱ्हाइकाने रकमेच्या रकान्यात मराठी आकड्यांत "५००" टाइप केलं तर? पायथॉन हे बिनतक्रार पाचशे समजतो. जावास्क्रिप्टची नेहमीची पद्धत म्हणते, ही संख्याच नाही. म्हणजे पडद्यावरचा भाग एक बोलतो, मागचा सर्व्हर दुसरंच.

दोन. "मराठी" या शब्दात किती अक्षरं? तुम्ही म्हणाल तीन. पायथॉन म्हणतो पाच, कारण तो काना आणि वेलांटी वेगळी मोजतो. नावासाठी दहा अक्षरांची मर्यादा असेल तर कोणाचं नाव मध्येच तुटेल, विचार करा.

तीन, आणि ही माझी आवडती. "आचाऱ्यांना" आणि "आचार्यांना". पहिले स्वयंपाक करतात, दुसरे शिकवतात. पहिल्या शब्दातला तो अर्धचंद्री ऱ मराठीची खास खूण आहे. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ऱ या स्वतंत्र अक्षरापासून, किंवा साधा र घेऊन हलंतापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. आत मात्र वेगळे. एका तऱ्हेने साठवलेला शब्द दुसऱ्या तऱ्हेने शोधला तर "सापडला नाही" असं उत्तर येऊ शकतं. आणि कोणी हुशारी करून दोघांना साध्या "र्य" वर आणून ठेवलं, तर आचारी थेट आचार्य होतो.

या तिन्ही चाचण्या आम्ही तिच्या प्रकल्पातल्या दुकानाच्या प्रोग्रामला लावल्या. मॉडेलने लिहिलेल्या चाळीस चाचण्यांत यातली एकही नव्हती. मग तिने मॉडेललाच "मराठी वापरणाऱ्या गिऱ्हाइकाचा विचार करून लिही" असं सांगितलं, तेव्हा आकड्यांची चाचणी आली. ऱ ची आली नाही. ती तिने स्वतः लिहिली.

प्रयोग कसा मांडायचा

आता प्रकल्प करणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं.

मॉडेलला काय दिलं यावर निकाल अवलंबून असतो. म्हणून तीन गट करा: एकात फक्त प्रोग्राम द्या, दुसऱ्यात फक्त मालकाचा नियम साध्या वाक्यात द्या, तिसऱ्यात दोन्ही. पहिल्या गटात बटाटे जास्त असतील अशी शंका आहे. शंका आहे म्हणूनच मोजायचं.

तुलना कोणाशी करताय ते ठरवा. मॉडेलशिवाय चाचण्या तयार करणारी साधनं आधीपासून आहेत: जावासाठी २०११ पासूनचं इव्होसूट, पायथॉनसाठी पिंग्विन. नव्या पैलवानाला रिकाम्या आखाड्यात फिरवून विजयी ठरवू नका.

एकदाच चालवून निकाल लिहू नका. तोच प्रश्न मॉडेलला पुन्हा विचारला की उत्तर बदलतं. अनेक वेळा चालवा, पसारा दाखवा, मॉडेलची आवृत्ती आणि तारीख लिहा.

फुटलेल्या पेपरपासून सावध राहा. डिफेक्ट्सफोरजे हा खऱ्या चुकांचा प्रसिद्ध संच २०१४ मध्ये पाच प्रकल्पांतल्या ३५७ चुका घेऊन आला. तो इतकी वर्षं खुला आहे की मॉडेलने शिकतानाच तो वाचलेला असू शकतो. म्हणून त्याच्या जोडीला तुमच्या स्वतःच्या, कुठेही न टाकलेल्या प्रोग्रामवरही प्रयोग करा.

आणि वर्गातल्या प्रकल्पाला कमी लेखू नका. १९८८ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात बार्टन मिलर हे प्राध्यापक वादळी रात्री घरून फोनच्या तारेने संगणकावर काम करत होते. तारेत खरखर होऊन भलतीच अक्षरं घुसायची आणि रोजच्या वापरातले प्रोग्राम कोसळायचे. त्यांनी तो प्रश्न विद्यार्थ्यांना वर्गप्रकल्प म्हणून दिला: प्रोग्रामना मुद्दाम कचरा खायला घाला. १९९० मध्ये निष्कर्ष छापून आले, तेव्हा तपासलेल्या युनिक्स प्रोग्रामपैकी पाव ते एक तृतीयांश कोसळले होते. त्यातून फझिंग नावाची चाचणीची एक अख्खी शाखा निघाली.

अहवालाचं काय झालं?

चौथ्या दिवशी सकाळी भाचीसमोर खरा प्रश्न उभा राहिला. म्युटेशनचे गुण कव्हरेजच्या जवळपासही नव्हते. मुखपृष्ठावरचा "१०० टक्के" काढायचा का? बहिणीचं म्हणणं, "आता कशाला बदलतेस, मार्क जातील. नोकरीच्या मुलाखती तोंडावर आल्यात." आईची काळजी खोटी नव्हती. मीही काही बोललो नाही. कारकुनाच्या पेन्सिलीची गोष्ट आधीच सांगून झाली होती.

तिने दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले. कव्हरेजचा आणि म्युटेशनचा. खाली एक वाक्य लिहिलं की पहिला आकडा चाचण्या कुठे गेल्या ते सांगतो आणि दुसरा त्यांना काय दिसलं ते सांगतो. मग वाचलेल्या प्रत्येक म्युटंटपुढे तो का वाचला ते लिहिलं. आधी तिचा अहवाल म्हणजे मॉडेलच्या कौतुकाचं पत्र होतं. आता त्यात तिला स्वतःला सापडलेलं काहीतरी होतं. मार्गदर्शकांनी पहिला प्रश्न त्या ऱ वरच विचारला, आणि त्यांना कन्नडमध्ये समजावून सांगताना तिची जी तारांबळ उडाली ती ती अजून रंगवून सांगते.

तर मंडळी, गृहपाठ. तुमच्याकडे असलेला कोणताही छोटा प्रोग्राम घ्या. त्यात मुद्दाम पाच चुका घाला, एका वेळी एक. तुमच्या चाचण्या किती पकडतात ते मोजा. प्रोग्राम येत नसेल तर फोनमधल्या एखाद्या ॲपच्या रकमेच्या रकान्यात मराठी आकडे टाकून बघा, फक्त पैसे पाठवायचं बटण दाबू नका!

पुढच्या भागात बघू कधी हिरव्या, कधी लाल होणाऱ्या लहरी चाचण्यांकडे. तोवर नमस्कार. खाली टेम्पो पुन्हा वाजायला लागलाय.